बंधूजींच्या आवाजात

छोट्या शेठनं माझ्या गळ्यात जांभळा दुपट्टा टाकला. दोन्ही टोकं छातीवर सोडली. हातात मीटरपट्टी दिली.

"चल बे पाद्री. चालू हो."

समोर गादीवर चार पाहुणे. शेठचे सोयरे, हिंगणघाटहून लग्नाचा बस्ता घ्याले आलेले. साड्या पाहून पाहून कंटाळले होते. चहा पिऊन झाला होता. आता मी.

वर्ध्याच्या बाजारातलं कापडाचं दुकान हे. मी तीन वर्षांपासून तिथं साड्या उलगडत होतो. मी रविवारी प्रार्थनेले जातो हे छोट्या शेठले समजलं, त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "पाद्री, पैठणी काढ." "पाद्री, पाणी आण." मोठे शेठ गल्ल्यावर बसून ऐकत. काही म्हणत नव्हते. ते एक शब्द बोलले असते तं थांबलं असतं.

"किती पोते तांदूळ भेटले रे तुमाले, येशूचं नाव घ्याचे?" पाहुण्यांतल्या एका काकानं विचारलं.

मी म्हटलं, "काका, पोतं भेटलं असतं तं इथं तुमच्यासाठी घड्या घालत बसलो असतो का?"

सगळे हसले. मी बी हसलो. माझी जुनी सवय. समोरच्यानं थोबाडीत माराच्या आधी मीच गाल वाजवून दाखवतो. शाळेत हेडमास्तरचा खोकला काढायचो, कंडक्टरची घंटी तोंडानं वाजवायचो. पोट्टे हसायचे अन् मारायचं विसरायचे. मले वाटलं जिंदगीभर पुरते हे.

"बंधूजी कर," छोटा शेठ म्हणाला.

मी केले बंधूजी.

बंधूजी म्हणजे आमच्या संगतीचे, रविवारच्या प्रार्थनेच्या मंडळीचे, वडीलधारे. पिपरी मेघ्यात त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत आम्ही तीस-पस्तीस जण रविवारी जमतो. चटया, एक ढोलकी, भिंतीवर काहीच नाई. बंधूजी रेल्वेत सांधेवाले होते, रूळ बदलणारे. नोकरीभर लोखंडी दांडा ओढून ओढून त्यांची बोटं वाकडी झाली. आवाज खोल. बोलायच्या आधी घसा साफ करतात, मंग एक शब्द, मंग थांबणं. मालगाडी सुटते तसं. पह्यला डबा हलला का थोड्या वेळानं दुसरा.

त्या वाकड्या बोटांनी त्यांना मोबाईल जमत नाई. म्हणून आमच्याकडं एक रीत पडली. रोज सकाळी कामावर जाताना मी त्यांच्या घरी थांबायचो. ते दोन मिनिटं प्रार्थना सांगत, मी माझ्या फोनमध्ये घ्यायचो, अन् संगतीच्या ग्रुपवर टाकायचो. बंधूजींचा आवाज माझ्या नंबरवरून यायचा. तीन वर्षं हेच. कोणाले त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. माझं नाव दिसलं का लोक समजायचे, बंधूजी बोलून राह्यले.

तीस-पस्तीस माणसांनी माझ्या हाती ठेवलेली वस्तू होती ती. मले तेव्हा ती वस्तू वाटत नव्हती.

तं दुकानात मी घसा साफ केला. मीटरपट्टी वर धरली. पाहुण्यांतली एक बाई तोंडावर पदर घेऊन हसाले लागली, मी अजून बोललोबी नव्हतो.

"आता चमत्कार दाखव," छोटा शेठ म्हणाला. "तुमच्यात चमत्कार होतात ना?"

मले चमत्कार सुचेना. नकल्याले सामान लागते. दुसरीकडं नाई सापडलं का तो घरचं काढते. मी घरचं काढलं.

माझ्या घरी माझी मावशी. आई लहानपणी वारली, मावशीनंच वाढवलं. ती पोट्ट्यांच्या खानावळीत पोळ्या लाटते. तरणी होती तेव्हापासून तिले झटके येत. चालता चालता पडायची, दात बसायचे, तोंडाले फेस. त्यापायी नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. मंग कोणीतरी बंधूजींचं घर दाखवलं. बंधूजींनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अन् दुसऱ्या दिवशी स्वतः तिले आटोत बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. गोळी चालू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "प्रार्थना बी करू, गोळी बी घेऊ," असं त्यांनी तिले सांगतलं. सहा वर्षं झटका नाई.

हे सगळं मले माहीत होतं. तरी दुकानात, दुपट्टा गळ्यात, मी बंधूजींच्या आवाजात म्हटलं:

"बहिणी. तुले झटके येतात. प्रभु म्हणते. आजपासून. ती गोळी फेकून दे. मी तुले मोकळं केलं."

काका मांडीवर थापा मारून हसला. छोटा शेठ म्हणाला, "अबे, डिट्टो. रेकॉर्ड कर." मी पुन्हा बोललो, फोनमध्ये. पहिल्यापेक्षा चांगलं जमलं.

"टाक तुमच्या ग्रुपवर. पाहू कोण येडं होते."

मी म्हणू शकत होतो, शेठ, नोको. माझा हात कोणी धरला नव्हता. चाकू लावला नव्हता. पाच जण माझ्याकडं पाहून राह्यले होते, अन् त्यांच्या डोळ्यांत मी पाद्री नव्हतो, हुशार होतो. तेवढ्यासाठी मी बटण दाबलं.

दोन मिनिटांत पुसून टाकलं. सगळ्यांकडून. भर दुपारची वेळ, संगतीचे लोक कामावर. कोणी ऐकलं नसंन, असं समजून मी काकाले शालू दाखवाले लागलो.

मावशी दुपारचं वाढून झाल्यावर खानावळीच्या ओट्यावर बसते. फोन हातात घेऊन. तिले वाचता येत नाई. अक्षर तिच्या काही कामाचं नाई, आवाजच काय तो.

संध्याकाळी घरी आलो तं ती दारातच होती. डोकं धुतलेलं, केस मोकळे. मी तिले असं हसताना कधी पाह्यलं नव्हतं.

"पोट्ट्या, आज प्रभु माह्यासंग बोलला."



"काय बोलला?"

"नाव नाई घेतलं. पण माह्यंच होतं ते. झटक्याचं. दुसऱ्या कोणाले येतात आपल्या संगतीत? अन् पाह, एकदाच ऐकलं मी, पुन्हा लावाले गेली तं नव्हतंच तिथं. गायब. माह्यापुरतंच होतं."

मी पुसलं म्हणून ते नव्हतं. तिले तोबी चमत्कार वाटला.

तिनं गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. "मेडिकलवाल्याले वापस दे. दुसऱ्या गरिबाच्या कामी येईन."

मी म्हटलं, "मावशी, डॉक्टरले विचाराशिवाय बंद नाई करत."

"ज्यानं चालू कराले लावली त्यानंच बंद कराले लावली. डॉक्टर त्याच्यापेक्षा मोठा का?"

"चुकून काही..."

"तू मधात नोको बोलू. सहा वर्षं मी त्याचं ऐकून गोळी घेतली. कडू लागायची, झोप यायची, घेतली. आता तो बंद कर म्हणते तं नाई ऐकू? गोड हुकूम ऐकायचा अन् कडू नाई, असं असते का? अन् हा तं गोडच हाय."

त्या वेळेस सांगाचं होतं. माझ्यासमोर बसली होती, एक हात अंतरावर. एकच वाक्य होतं. तो मी होतो. मी जेवाले बसलो. तिनं त्या दिवशी भाकरीवर तेल जास्त टाकलं होतं, आनंदानं. मी खाल्लं.

पाकीट माझ्या पँटच्या खिशात राह्यलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. साडी काढाले वाकलो का टोचायचं. मी ते दुसऱ्या खिशात टाकायचो. तिथंबी टोचायचं.

तिसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. नकल्याचं डोकं. दुकानाच्या मागच्या गोदामात गेलो, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये उभा राह्यलो, घसा साफ केला अन् बंधूजींच्या आवाजात बोललो का बहिणी, गोळी चालू ठेव, बंद करू नोको, प्रभूची तशी इच्छा नाई. फक्त मावशीले पाठवलं. ग्रुपवर नाई.

पह्यलं खोटं मी हसवाले बोललो होतो. हे दुसरं मी भ्यालो म्हणून. दोन्ही वेळेस नाव त्याचंच वापरलं. मले तेव्हा हे दुसरं पुण्य वाटलं, सांगतो. मले वाटलं मी तिले वाचवलं.

घरी गेलो तं मावशी चटईवर गुडघे टेकून होती. उठली. तिचं तोंड उतरलेलं.

"तुह्या फोनवरून आज एक आलतं."

"बंधूजींचं?" मी म्हटलं. विचारताना डोळे खाली.

"बंधूजी नाई ते. देव एकदा बोलला का पलटत नाई. हे भुलवणारं होतं. मी पुसून टाकलं." मंग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू सांभाळ पोट्ट्या. तो तुह्या फोनमधून बोलून राह्यला. तुले समजूनबी नाई राह्यलं अन् तो तुले वापरून राह्यला."

ती माझ्यासाठी प्रार्थना कराले लागली. हात माझ्या डोक्यावरच. मी खाली मान घालून उभा. मले सैतानापासून वाचव म्हणून ती मागून राह्यली, अन् मी "आमेन" म्हटलं.

त्या शब्दाची मले आजबी लाज वाटते. बाकीच्यापेक्षा जास्त.

चौथ्या दिवशी दुपारी खानावळीतून फोन आला. मावशी तव्यावर पडली. झटका आला तेव्हा पोळी उलटून राह्यली होती. उजवा हात पूर्ण तव्यावर, अंगाचं वजन वरून. दोन पोट्ट्यांनी उचलली.

मी छोट्या शेठले म्हटलं, "शेठ, मावशीले झटका आला, जातो."

तो गिऱ्हाईकाशी बोलून राह्यला होता. मान वळवली. "काय बे, चमत्कार उलटा पडला?"

त्याले माहीत नव्हतं. तो सहज बोलला. अन् माझ्या तोंडावर हसू आलं. सवयीनं, आपोआप. मी हसत हसत दुकानाच्या पायऱ्या उतरलो. आटोत बसल्यावरबी ते तोंडावरून जाईना.

सेवाग्रामच्या दवाखान्यात ती शुद्धीवर आलती. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. जीभ चावल्यानं शब्द जाड झालते. डॉक्टर पोरगी होती, माझ्याच वयाची.

"गोळी घेत होता ना?"

"बंद केली," मावशी म्हणाली. एवढ्या दुखण्यात तिनं मान वर केली ते सांगाले. "देवानं सांगतलं."

डॉक्टरनं लिहिलं.  तिनं शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

तेवढ्यात बंधूजी आले. एसटीनं आलते, पायात स्लिपर, शर्टाची बटणं मागंपुढं. खाटेजवळ उभे राह्यले. मावशी त्यांच्याकडं पाहून राह्यली, अन् पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भेव दिसलं.

"बंधूजी, माह्या विश्वासात काही कमी पडलं का? तुम्ही सांगतलं तसंच केलं मी. एकबी घेतली नाई."

"मी काय सांगतलं बहिणी?"

"गोळी फेकून दे म्हणून. प्रभु म्हणते म्हणून."

बंधूजींनी हळूहळू मान फिरवली अन् माझ्याकडं पाह्यलं. त्यांनी ओळखलं. मले माहीत होतं का ते ओळखतीन. संगतीच्या सहलीत मी त्यांच्यासमोर त्यांची नक्कल केलती, ते पोट धरून हसले होते.

मी काही बोललो नसतो तं काय झालं असतं, तेबी सांगतो. बंधूजींनी मले वाचवलं असतं. ते म्हणाले असते, माझ्याकडून चूक झाली बहिणी. तसा माणूस तो. अन् मी त्यांना तसं करू दिलं असतं. अर्धा श्वास मी वाट पाहून राह्यलो होतो का ते म्हणतीन.

"तो मी होतो," मी म्हटलं. "मावशी, तो माझा आवाज होता. दुसराबी माझाच."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडं पाहाले लागली. मावशी रडली नाई. चिडलीबी नाई. तिनं पट्टीकडं पाह्यलं.

"म्हणजे तो बोललाच नव्हता," ती म्हणाली.

बस्स. एवढंच.

मी समजत होतो का मी तिचा हात जाळला. हात तं दिसते. पण चार दिवस त्या बाईले वाटलं होतं का देवानं तिले एकटीले हाक मारली. नवऱ्यानं टाकलेली, खानावळीत वाकून वाकून कंबर गेलेली बाई. तिच्यासाठी कोणी वेगळा निरोप पाठवला. डोकं धुऊन दारात बसली होती ती. ते मी दिलं, अन् मीच काढून घेतलं. त्याले कोणती पट्टी बांधता?

बंधूजींनी मले बाहेर व्हरांड्यात नेलं. मी त्यांच्या पाया पडाले वाकलो, त्यांनी खांदा धरून सरळ केलं.

"माह्या आवाजाचं सोड. तो मी तुले माफ केला. आवाज काय, हवा हाय." घसा साफ केला. थांबले. "मी किती वर्षं सांधा बदलला, तुले माहीत हाय. गाडी मी नाई चालवली कधी. कोणत्या रुळावर जाईन ते मी नाई ठरवलं. वरून हुकूम आला का दांडा ओढाचा. हुकूम नाई, तं दांड्याले हातबी नाई लावाचा. गंमत म्हणून एकदा ओढला असता, तं माणसं मेली असती."

"हो."

"संगतीतबी मी तेवढाच हाय. प्रभूनं दिलं तेवढं सांगतो. तो नाई बोलला, तं मी चूप. लोकांले वाटते का मले अधिकार हाय. मले काही नाई. मी हुकमाखालचा माणूस. तुह्याकडं बी तोच दांडा होता पोरा. फोन."

मी मान हालवली. ते म्हणाले, "मान नोको हालवू. सांग, तू कोणाच्या हुकमानं ओढला?"

"छोट्या शेठच्या."

"मंग तुहा देव कोण हे तूच पाह."

ते पुन्हा मावशीजवळ जाऊन बसले. मी तिथंच उभा. बाहेर माणसं रिपोर्टाच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी होती. मले पह्यल्यांदा समजलं का मी पाद्री म्हणवून घेण्यात अपमान मोजत होतो, अन् अपमान दुसरीकडंच होता. छोटा शेठ म्हणाला दुपट्टा घाल, घातला. म्हणाला बोल, बोललो. म्हणाला टाक, टाकलं. रविवारी प्रभु प्रभु म्हणत होतो अन् सहा दिवस दुसऱ्याचं ऐकत होतो. त्यानं माझा मालक होण्यासाठी काही मेहनतबी नव्हती घेतली. मीच जाऊन बसलो होतो त्याच्या हाताखाली, हसत हसत.

मावशी आठ दिवसांनी घरी आली. जखम भरताना बोटं चिकटली ती तशीच राह्यली, दोन बोटं आत ओढलेली. पोळी लाटता येत नाई. खानावळीत आता भाजी निवडते, डाव्या हातानं. गोळी घेते. मी समोर बसून देतो.

मले तिनं माफ केलं का, माहीत नाई. विचारलं नाई. ती एकच बोलली.

"आता बंधूजींचा खरा आवाज बी आला तं मी भिते. कोणाचा हाय म्हणून. हे तू केलं."

"हो मावशी."

"चूक माहीबी हाय. आवाजावर टेकली मी. ज्याचा शब्द, त्याच्यावर टेकाले पाह्यजे होतं." मंग म्हणाली, "तू मले वाचाले शिकव."

पन्नाशीच्या पुढची बाई. रोज संध्याकाळी आम्ही पवित्र शास्त्र उघडून बसतो. ती डाव्या हाताचं बोट अक्षरावर ठेवते, मी वाचतो, ती म्हणते. एखाद्या ठिकाणी माझा आवाज जड व्हाले लागते, सवयीनं. ती बोट उचलते. "सरळ वाच. तू मधात येऊ नोको." मी पुन्हा वाचतो. सपाट. ओळखू येत नाई मलेच, इतका साधा आवाज हाय माझा. ती काना-मात्रा चुकते पण दोन शब्द जुळवून वाचले का माझ्याकडं पाहत नाई, कागदाकडंच पाहते. तपासते. मले चांगलं वाटते का ती माझ्यावर भरोसा नाई ठेवत.

दुकानात पुन्हा गेलो तेव्हा नवे पाहुणे होते. छोट्या शेठनं माझ्याकडं दुपट्टा फेकला.

"पाद्री, ते गोळीवालं कर. यांना मी सांगून ठेवलं."

दुपट्टा मी घडी घालून फळीवर ठेवला.

"नाई करत शेठ."

"काऊन बे?"

"त्या नावानं बोलाचा मले हुकूम नाई."

तो हसला. पाहुण्यांकडं पाह्यलं. "इथी हुकूम माझा चालते."

"कपड्यावर चालते. साडी काढ म्हणा, काढतो. शंभर काढतो. तोंडावर नाई चालत."

कोणी हसलं नाई. मी हसवाची सोय ठेवली नव्हती. छोट्या शेठचं तोंड लाल झालं. "दोन कवडीचा पोट्टा. जा मंग, तुह्या देवाले म्हण, दे नोकरी." मी मोठ्या शेठकडं पाह्यलं. ते वही उघडून वाकले. मी माझा डबा घेतला अन् उतरलो. या वेळेस तोंडावर हसू नव्हतं.

आता कापसाच्या जिनिंगमध्ये काम पाहून राह्यलो. लागंन तेव्हा लागंन.

संगतीत अजून सगळ्यांले माहीत नाई. सकाळची प्रार्थना आता दुसरी बहीण पाठवते, बंधूजींनीच तसं केलं, अन् ते बरोबर केलं. येत्या रविवारी मी उभा राहीन अन् सांगीन. ज्यांले समजलं त्यांतली दोन घरं म्हणतात का अशाले बसू द्याचं नाई. त्यांचं खोटं नाई. काढलं तं ओट्यावर बसून ऐकीन. ओट्यावरून उठवलं तं रस्त्यावर उभा राहून ऐकीन. पण सांगाचं ते सांगीन, सगळं, दुसऱ्या निरोपासकट, त्या "आमेन"सकट. कमी करून नाई, रडून नाई, अन् एकबी माणूस हसंन असं नाई.

माफी भेटंन का नाई, ते देणाऱ्याच्या हाती. ते मी ठरवणार नाई. मी एवढंच ठरवलं, त्यानं न दिलेला शब्द माझ्या तोंडातून पुन्हा निघणार नाई. कोणी मालक होऊन सांगो, कोणी सोयरा होऊन सांगो, का माझंच पोट सांगो.